हानी लोक झाडाला हात लावत नाहीत? मग झोपाळा कशाचा बांधतात?

सध्या फिरणारा मजकूर थोडक्यात असा: "चीनमधले हानी लोक झाडालाच देव मानतात, कुऱ्हाड लावत नाहीत. सगळं जंगल पवित्र. म्हणून त्यांचं जंगल 1300 वर्षं जसंच्या तसं आहे, त्यावरच त्यांच्या भातखाचरांना पाणी मिळतं. सणाला ते हळदीचा पिवळा भात करतात." चार वाक्यांत चार चुका आहेत, आणि त्या सारख्याच वजनाच्या नाहीत.

"कुऱ्हाड लावत नाहीत." उलट, त्यांचे मोठे विधी ताज्या तोडीशिवाय होतच नाहीत. चीनमध्ये ज्यांची गणना हानींतच होते आणि थायलंड, लाओस, म्यानमारमध्येही ज्यांची वस्ती आहे, त्या आखा लोकांचं गावाचं प्रवेशद्वार बघा. ते दरवर्षी नवं उभारतात. नवे खांब, नवी आडवी तुळई, लाकडात कोरलेली स्त्री-पुरुषाची जोडी आणि वर बांबूच्या पट्ट्यांच्या विणलेल्या चांदण्या. जुनं दार पाडत नाहीत, ते जागेवरच कुजू देतात. चांदणीला बांबू हिरवाच लागतो, कारण वाळका सरळ चिरत नाही आणि वळवताना पट्टी तुटते. गुढीसाठी दरवर्षी नवी काठी आणणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

झोपाळ्याचंही तसंच. आखांच्या झोपाळ्याचे चार लांब खांब जमिनीत दूर दूर रोवतात आणि वरची टोकं वाकवून एकत्र बांधतात. त्यासाठी उंच, सडपातळ, ताजं लाकूड हवं. वाळकं वापरलं तर वाकवतानाच तडा जातो आणि लोक बसल्यावर तो वाढतो. हानींच्या सहाव्या चांद्रमासातल्या सणात दुसऱ्या प्रकारचा झोपाळाही असतो: एक उभा खांब, त्याच्या टोकावर फिरणारा आडवा वासा, आणि वाशाच्या दोन्ही टोकांना बसलेली माणसं जात्यासारखी गोल फिरतात.

"सगळं जंगल पवित्र." नाही. चीनच्या युन्नान प्रांतातल्या होंगहे भागात गावाला निरनिराळी वनं असतात. गावदेवाची राई छोटी. तिथे एक झाड निवडलेलं असतं: उंच, सरळ, भरगच्च पानांचं. पूजा 'मीगू' म्हणजे गावाचा यजमान करतो, आणि इतर वेळी तिथे कुणी सहज फिरत नाही. आपली देवराई ओळखीची असेल तर हे चित्र चटकन कळेल. पण पाण्याचं वन वेगळं असतं, डोंगरावर वरच्या बाजूला. सरपण आणि घरबांधणीची वनंही वेगळी. निषेध राईला लागू आहे, साऱ्या डोंगराला नव्हे.

पाणीही केवळ पुण्याईने वाटलं जात नाही. पाटावर आडवं लाकूड किंवा दगड बसवतात, त्यात प्रत्येकाच्या जमिनीच्या प्रमाणात कमी-अधिक रुंदीच्या खाचा असतात. जितकी खाच रुंद तितकं पाणी जास्त. गाळ साचला किंवा लाकूड झिजलं की हिस्सा बदलतो आणि भांडण होतं, म्हणून पाटांवर राखणदार नेमलेला असतो आणि त्याला धान्यात मोबदला मिळतो.

"1300 वर्षं जसंच्या तसं." 1300 वर्षं हा आकडा खाचरशेतीचा आहे. याच शेतीच्या भूदृश्याचं 2013 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. जंगलाचा इतिहास वेगळा आहे. 1958 च्या 'मोठ्या झेपे'च्या, म्हणजे माओच्या झटपट औद्योगिकीकरणाच्या मोहिमेच्या काळात पोलादभट्ट्यांसाठी युन्नानमध्ये प्रचंड तोड झाली, अनेक पवित्र राईही सुटल्या नाहीत. आज दिसणारी बरीचशी हिरवळ त्यानंतर पुन्हा उगवलेली आहे.

"हळदीचा भात." ही चूक सर्वांत गोड आहे, कारण पिवळं दिसलं की आपल्याला हळदच आठवते. तो रंग बुड्लेजा ऑफिसिनॅलिस या झुडपाच्या फुलांचा. ती वसंतात, रोप लावणीच्या सुमारास येतात, तेव्हाच हा भात होतो आणि सोबत लाल रंगवलेली अंडी असतात. वाळवलेल्या कळ्या पाण्यात उकळून काढा फडक्यातून गाळतात. गाळणं टाळलं तर कळ्यांवरची लव भातात चिकटते. मग चिकट तांदूळ त्यात रात्रभर भिजवून वाफवतात. भिजवण कमी पडली तर दाणा आत पांढरा राहतो. साध्या तांदळाचा भात रंगतो खरा, पण त्याचे गोळे वळत नाहीत.

या फुलांत क्रोसिन हे रंगद्रव्य असतं, केशरात असतं तेच, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. फरक घरीही तपासता येतो: हळदीत चुना घातला की कुंकवासारखी लाल होते, या काढ्यात घातला तर लाल होत नाही.