फेब्रुवारीचे चार रविवार आणि ८२३ वर्षांची थाप

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अजून दोन नंबर दे गं, नऊच जणांना पाठवून झालंय." तिला आलेला मेसेज असा: २०२६च्या फेब्रुवारीत सातही वार चार-चार वेळा आलेत, हा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो, चिनी फेंगशुईत याला पैशाची थैली म्हणतात. अकरा जणांना पाठवा, धनलाभ होईल. न पाठवणाऱ्याच्या घरात अडचणी येतील.

चार-चार वारांचं आधी बघू. फेब्रुवारीचे दिवस २८. सात चोक अठ्ठावीस. लीप वर्ष सोडलं तर दर फेब्रुवारीत हेच होतं, गेल्या वर्षीही झालं.

आता एक कबूल करते. यंदा महिना रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, ते काही दरवर्षी होत नाही. पण २००९ला झालं, २०१५ला झालं, २०३७ला पुन्हा होईल. ३६५ला सातानं भागलं की बाकी एक उरते, म्हणून तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. मावशीच्या कपाटात २०१५चं कालनिर्णय निघालं, मागे दुधाचा हिशेब लिहिलेलं. ते यंदाच्या शेजारी धरलं. बारा महिने तारीख-वार तंतोतंत तेच! बदलले ते सण, कारण तिथी चंद्रावर चालते: तेव्हा पाडवा २१ मार्चला होता, यंदा १९ला आहे.

८२३ हा आकडा तर निव्वळ थाप आहे. हे कॅलेंडर पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली लागू केलं. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला. ८२३ वर्षांपूर्वी, म्हणजे १२०३ साली, ते नव्हतंच. आणि त्याच्या नियमानं ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. त्यामुळे ४०० वर्षांनी सगळे वार जिथल्या तिथे परत येतात. मग ८२३ वर्षं लागणारा योग उरतोच कुठे? आजपासून ८२३ वर्षांनी, २८४९ साली, १ फेब्रुवारीला सोमवार असेल. रविवारसुद्धा नाही.

फेंगशुईचं एवढंच: चिनी पारंपरिक महिने चंद्राचे, २९ किंवा ३० दिवसांचे. फेब्रुवारी त्यांच्या पंचांगात नाहीच.

माझा राग आहे तो शेवटच्या ओळीवर. मावशी बहात्तर वर्षांची आहे, धनलाभाचं तिला काही पडलेलं नाही. नातवाचे बारावीचे पेपर चालू आहेत, म्हणून ती घाबरली. वहीत नावं लिहून एकेकापुढे टिक करत बसली होती, दहाव्या नावाला अडली आणि रात्रभर झोपली नाही. सकाळी मी तिच्यासमोर दोन्ही कॅलेंडरं ठेवली. तिनं बोट लावून फेब्रुवारीचा एकेक वार मोजला, मग वही उघडून पहिल्या नावाला फोन लावला. "अगं, ते पाठवलं होतं ना मी, ते खोटं आहे. पुढे पाठवू नकोस."