टोपलं सगळ्यांना बसतं

कपाळावर आडवा लाल वळ उठलाय आणि तो जाता जात नाही. स्टाफरूममध्ये जो भेटेल तो एकच विचारतो, "सर, औंदा श्रावण लवकर लागला का?" अहो, वैशाख चाललाय. अंबाजोगाईत सकाळी नऊलाच डांबर मऊ पडायला लागतं. हे गंध नाही, हेल्मेट आहे.

सायकलचं हेल्मेट. त्यातही माउंटन बाइकचं, कारण सुटीच्या दिवशी मी सायकल घेऊन बुट्टेनाथाकडच्या डोंगरात जातो. बालाघाटाचा तो उतार म्हणजे मुरूम, गोटे आणि मध्येच झोपलेली म्हैस. तिथं माणूस पडला तर कसाही पडतो, म्हणून डोंगरातलं हेल्मेट मागून जास्त खाली उतरतं, कानशिलं झाकतं आणि पुढं छोटा छज्जा असतो. हे सगळं मला लातूरच्या दुकानदारानं समजावून सांगितलं. फक्त माप घेतलं नाही. दुकानात टेपच नव्हता. "तुम्हाला बसंल सर, सगळ्यांना बसतंय," एवढं बोलून त्यानं बिलाचं पुस्तक उघडलं. कपाळाला टोचतंय म्हटलं तर म्हणाला, "घालत जावा, सैल होतंय हळूहळू."

चप्पल सैल होते. पँट सैल होते (निदान पूर्वी व्हायची). पण हेल्मेटच्या आत नुसता थर्माकोल असतो, तो कशानं सैल होणार? तो आयुष्यात एकदाच चेपतो, डोकं दगडावर आपटल्यावर. तेवढ्यात धक्का गिळतो आणि त्याचं काम संपतं. मग ते हेल्मेट टाकून द्यायचं असतं. म्हणजे माझं हेल्मेट सैल व्हायचं तर मी आधी डोकं फोडायला पाहिजे, आणि सैल झालं की लगेच ते फेकायला पाहिजे. दुकानदाराचा सल्ला काटेकोरपणे पाळायचा तर एवढंच उरतं.

मागच्या बाजूला एक चकरी असते. ती फिरवली की मागची पट्टी आवळते किंवा ढिली होते. पण चकरीला डोक्याचा घेर कळतो, आकार कळत नाही. काही डोकी गोल असतात, काही लांबुळकी. माझं लांबुळकं, हेल्मेट गोल. त्यामुळं पुढून कपाळ आणि मागून कवटी चेपली जाते, आणि दोन्ही कानांवर करंगळी जाईल एवढी फट राहते. चकरी आवळली की डोकं ठणकतं, ढिली केली की हेल्मेट डावीउजवीकडं डुलतं. महागड्या हेल्मेटांत आत एक पातळ, बहुतेक पिवळा थर असतो, त्याला मिप्स म्हणतात. डोकं तिरपं आपटलं तर हेल्मेट डोक्यावर किंचित सरकावं, म्हणून स्वीडनमधल्या लोकांनी तो शोधून काढला. ती सोय मला फुकटात मिळाली आहे. माझं आपटायच्या आधीच सरकतं.

आणि वाऱ्याची भोकं! ती असतात, नाही असं नाही. पण चढावर सायकल चालत्या माणसाच्या वेगानं चालते, तेव्हा वारा येणार कुठून? कपाळाजवळचं पॅड घाम पीत बसतं, आणि छज्जा सरळ करायला हात लावला की प्यायलेलं सगळं डोळ्यात सोडतं. त्या आंधळ्या अवस्थेत मी परवा मुकुंदराजाच्या रस्त्यावरच्या टपरीशी उतरलो. हेल्मेट काढून बाकड्यावर ठेवलं, कपाळ चोळत अर्धा चहा सांगितला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला धोतर-पटक्यातले एक आबा तंबाखू मळत बसले होते. पायाशी शेळी.

"कुठून आलाव सर?"

"बुट्टेनाथाकडून."

"सायकलीवर? मोटरसायकल इकली का?"

"नाही आबा, व्यायाम म्हणून."

आबांनी शेळीकडं बघितलं. व्यायाम म्हणून डोंगर चढणारं दुसरं कुणी त्यांच्या माहितीत नसावं. मग त्यांची नजर हेल्मेटवर गेली.

"आन् हे टोपलं कशापायी? पोलीस सायकलीला बी पकडायलेत का?"

मी मास्तर. मला गप्प बसता येत नाही. मी सांगितलं की मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मोटरसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलवाल्यांवर सक्ती नाही.

आबांनी तंबाखू गालात सारली. टपरीसमोर मोटरसायकली उभ्या होत्या. एकीच्या आरशाला हेल्मेट टांगलेलं, आणि दुसरीच्या हँडलला अडकवलेल्या हेल्मेटात टपरीवाल्याची मेथीची जुडी.

"म्हंजे ज्यांनी घालायचं ते घालंनात, आन् ज्याला कुणी इचारत न्हाई तो घालायलाय."

मी हट्टानं पुढं गेलो. म्हटलं, शर्यतीतले मोठमोठे सायकलवालेसुद्धा टाळायचे. 2003 साली पॅरिस-नीस शर्यतीत किविलेव नावाचा कझाक गडी पडला, डोक्याला मार लागून गेला, आणि त्याच वर्षी सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं झालं.

"अरारा." आबा क्षणभर गप्प झाले. "तेला बी बसत नसंल."

मग त्यांनी पटका सोडून मांडीवर ठेवला, हेल्मेट उचललं आणि डोक्यावर घातलं. आरसा नाही, चकरी नाही, काही नाही. टपरीवाल्यानं पुढं होऊन हनुवटीखाली बक्कल लावलं. खट्ट.

बसलं!

भुवईच्या वर दोन बोटं. कानाच्या पाळीखाली पट्ट्यांचा वाय बरोब्बर. हनुवटी आणि पट्टीच्या मध्ये एक बोट. आबांनी मान गदगदा हलवली, हेल्मेट जागचं हललं नाही. सोबत आलेल्या पुस्तिकेत एका गोऱ्या तरुणाचं चित्र आहे, त्याच्या जागी आबांचा फोटो छापला असता तर कंपनीचं नुकसान झालं नसतं.

"बसतंय की! कुठं टोचतंय?"

"मला टोचतं आबा."

"बगू."

आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी तंबाखूच्या हातांनी माझं डोकं धरलं. पुढून, मागून, कानावरून दाबून बघितलं. बैलबाजारात दात बघतात तेवढ्या शांतपणे. टपरीवाला गाळणं हातात धरून निकालाची वाट बघत उभा.

"पपई हाय," आबा म्हणाले. "ल्हानपणी तुमाला न्हाऊ कोण घालायचं?"

"मावशी."

"तिनं डोकं चोळलं न्हाई. पयल्या म्हैन्यात तेल लावून, हळूहळू दाबून गोल करायचं असतंय. माज्या समद्या लेकरांची केलीत. तुमच्या मावशीनं कट्टाळा केला."

आता मावशी नाही. असती तर ती आबांशी भांडली असती आणि मी बाजूला उभा राहून ऐकलं असतं. खरं सांगतो, इतका वेळ मी हसत होतो, इथं मला राग आला. हेल्मेट चुकीचं असू शकतं, हे त्या टपरीवर कुणाच्या मनातच येईना. चूक माझ्या डोक्याची, डोक्याच्या मागं मावशीची. आणि पुरावाही माझ्याविरुद्ध जमायला लागला. टपरीवाल्यानं घातलं, बसलं. दूधवाल्यानं घातलं, बसलं. एसटीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोरानं घालून सेल्फी काढला. त्याला तर शोभलंसुद्धा. आबांनी परत घेतलं आणि घालून बसले.

"ठिवून जावा माज्यापाशी. शेळ्या राखताना बरंय. वरून वारं लागतंय."

वारं लागतंय! बाकड्यावर बसून!

चहा संपेपर्यंत ते परत मिळालं नाही. मिळालं तेव्हा आत खोबरेल, तंबाखू आणि दूधवाल्याचा घाम यांचा मुक्काम पडला होता. घरी येऊन पॅड सोडवली (ती आतून चिकटपट्टीनं लावलेली असतात), साबणानं धुतली, तारेवर वाळत घातली. कपाळाचं पॅड मांजरानं नेलं. मांजरालासुद्धा तेच पाहिजे होतं.

लातूरला फोन लावला.

"पॅड वेगळं येत नाही सर, हेल्मेटसोबतच येतंय."

"मग मोठ्या मापाचं बदलून द्या."

"वापरलेलं घेत नाही आमी. आन् तुम्हाला बसलं होतं की."

हजारो रुपये मोजून घ्यायची वस्तू, तीही डोक्याची, आणि तिचं माप घ्यायची कुणाला गरज वाटत नाही. पोत्यात धान्य भरताना काटा लागतो, हार ओवताना हात मोजतात, शाळेच्या गणवेशाला टेप लागतो. डोक्याला मात्र "बसंल". खोक्यावर बारीक अक्षरात 55 ते 59 सेंटिमीटर छापलंय. त्या अक्षराला चष्मा लागतो, आणि हेल्मेट घालून बघताना चष्मा काढून ठेवावा लागतो.

शेवटी गल्लीतल्या टेलरकडं गेलो, कपाळाला लावायला फोमचा तुकडा मागायला. त्यानं ब्लाउजच्या पॅडांचा डबा उघडला, मग थांबला, गळ्यातला टेप काढला आणि काही न विचारता माझ्या भुवईच्या वरून डोक्याभोवती फिरवला.

"पावणेचोवीस."

म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वर. त्यानं वहीत एका ब्लाउजच्या मापाखाली माझं नाव लिहिलं, पुढं 'डोकं 23¾', आणि पेन्सिल कानावर ठेवून विचारलं, "अस्तर लावायचं का?"

मी हो म्हणालो. पन्नास रुपये ॲडव्हान्स दिलेत. शुक्रवारी ट्रायल आहे.