६० ची लय, काळी एक आणि ‘रडका’ लेहरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कथकच्या रियाजासाठी लेहरा (तालाचं आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. त्यात सुचवलेली ६० ची लय (मिनिटाला ६० मात्रा) मुलींना झोप आणते, काळी एक ही पट्टी तुमच्या गळ्याला चालत नाही आणि चंद्रकौंस रागातला लेहरा रडका वाटतो, अशा तुमच्या तीन हरकती. शिवाय जाता जाता एक टोला : कुठलंही रेकॉर्डिंग घ्यावं, मोबाइलवर वेग वाढवावा, एवढं पुराण कशाला? सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या क्लासचं वर्णन दिलंत ते फार बरं झालं. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, भिंतीपलीकडे यंत्रमाग आणि एका वेळी २० मुली. निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी लय. १२० ला मुली बराबर (मात्रेला एक पाऊल) आणि दुगुन (मात्रेला दोन) सहज करतात म्हणता, मान्य. आता त्याच लयीत चौगुन (मात्रेला चार) करून घ्या. मिनिटाला ४८० पावलं, म्हणजे सेकंदाला ८. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी त्या वेगात पूर्ण पाऊल टाकूच शकत नाही. टाच अधांतरी राहते, चवडा घासतो आणि घुंगरू वाजतच राहिल्यामुळे चोरी पकडली जात नाही. त्यात पत्र्याखालचा घुमारा. एका पावलाचा आवाज विरायच्या आत पुढची दोन पडलेली असतात. एकदा घुंगरू सोडायला लावून ततकार (पायांनी वाजवायचे मूळ बोल) ऐका. पूर्ण पाऊल फरशीवर ‘थप्’ वाजतं, अर्धवट पाऊल ‘खस्’ करतं. ६० ला चौगुन म्हणजे सेकंदाला ४ पावलं, आणि तिथं हा फरक तुम्हालाच काय, त्या मुलीलाही ऐकू येतो.

तिहाईचंही (एकच तुकडा तीनदा करून समेवर येण्याचंही) तसंच. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा मोकळी : ५+१+५+१+५, एकूण १७. तीनताल १६ मात्रांचा, त्यामुळे समेवरून (पहिल्या मात्रेवरून) उचलली की शेवटचा बोल पुढच्या समेवर. ६० ला ती मोकळी मात्रा पूर्ण एक सेकंदाची असते. मुलींना ती धरवत नाही, दुसरा तुकडा लवकर उचलतात आणि समेच्या आधीच येऊन उभ्या राहतात. १२० ला ही घाई अर्ध्या सेकंदात दडून जाते, इतकाच फरक.

मात्र सलग ४० मिनिटं ६० ला नाचवणं ही शिक्षाच आहे, आणि लेखात मी ते स्पष्ट लिहिलं नाही, ही माझी चूक. ६० ला ८-१० मिनिटं पुरेत. मग ७२, मग ८०, शेवटी ९६. प्रत्येक लयीत बराबर, दुगुन, चौगुन. चौगुनीत ‘खस्’ ऐकू आलं की एक पायरी खाली. १२० मध्यमा परीक्षेच्या मुलींसाठी ठेवा.

पट्टीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुसत्या नाचाला पट्टीनं फारसं बिघडत नाही, पढंतीलाही (बोल तोंडानं म्हणण्यालाही) नाही. बिघडतं ते वंदना गाताना. तुम्ही काळी चारमध्ये गाता आणि काळी चार हा काळी एकचा पंचम. त्यामुळे पहिल्या ओळीला काहीच खटकत नाही. पण तुमचा मध्यम बरोबर लेहऱ्याच्या ‘सा’वर पडतो, कान त्यालाच ‘सा’ मानायला लागतो आणि तिसऱ्या ओळीपर्यंत तुम्ही बेसूर नसूनही बेसूर वाटता. यावर सगळा लेहरा काळी चारमध्ये नेणं हा इलाज नव्हे. महिन्यातून दोनदा तबलजी येतात म्हणालात. त्यांचा तबला काळी एकचा असेल, तर तो पार काळी चारपर्यंत चढवायला गेलं की पुडी (तबल्यावरचं कातडं) जाईल. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती आधीच ताणलेली असते. वंदनेपुरतं काळी चारमधलं तानपुऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग ठेवा.

वेग वाढवण्याचं म्हणाल, तर पट्टी न राखता ८० चं १०० केलं की काळी एक जवळजवळ पांढरी चार होते. पट्टी राखणारं ॲप घेतलंत तर सूर तिथंच राहतो, पण तबल्याच्या ‘ना’ या बोलाची किनार बोथट होते, आणि वेग कमी करताना तर एकाच थापेचे दोन ठोके ऐकू येतात. दहा टक्के इकडेतिकडे चालेल, त्यापलीकडे दुसरं रेकॉर्डिंग शोधा. मूळ लय छापल्याप्रमाणे आहे का, हेही घड्याळ लावून बघा : ८० ला तीनतालाची १० आवर्तनं बरोबर १२० सेकंदांत झाली पाहिजेत. ११६ लागले तर ती लय ८३ च्या आसपास आहे.

आता ‘रडका’. चंद्रकौंस गंभीर आहे, यात वाद नाही. पण त्याचा शुद्ध निषाद ‘सा’ला असा खेटून असतो, की लेहरा बांधणाऱ्यानं सोळाव्या मात्रेवर ‘नी’ ठेवला की सम आधीच कळते. तुम्ही सुचवलेला भूप प्रसन्न खरा, पण त्यात निषादच नाही. धैवतावरून ‘सा’वर येताना ती ओढ लागत नाही. हे का महत्त्वाचं? २० मुली, एका पायात ५० घुंगरू धरले तरी २००० घुंगरू. त्या किणकिणाटात तबल्याचा ‘ना’ बुडतो, डग्गा छोट्या स्पीकरमधून मुळातच येत नाही. वर तुटतो हार्मोनियम किंवा सारंगीचा सूरच, आणि तोही सम दाखवत नसेल तर मुली शेजारच्या मागाची खटखट पकडतात. प्रसन्नच हवा असेल तर यमनमधला बघा, निषाद तिथंही शुद्ध आहे.

कुठलाही लेहरा घेण्याआधी मध्येच कुठूनही सुरू करून मुलींना डोळे मिटून समेवर टाळी द्यायला सांगा. दोन आवर्तनांनंतरही निम्म्या टाळ्या नवव्या मात्रेवर पडल्या, तर त्याचा ‘खाली’चा (नवव्या मात्रेपासूनचा) भाग समेच्या भागासारखाच बांधलेला आहे. तो लेहरा टाकून द्या, राग कितीही गोड असो. आणि स्पीकर मागाच्या भिंतीपाशी फरशीवर ठेवता तो उचलून समोरच्या भिंतीला, मुलींच्या कानाच्या उंचीवर ठेवा.