डोळ्यातला ह्युमर

गेल्या आठवड्यात आप्पांना घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलतो. डोळ्यापुढं माश्या उडतात म्हणून दोन दिवस भिंतीवर टॉवेल मारत बसलेले (खरंच). डॉक्टर कन्नड, पण बेळगावात प्रॅक्टिस म्हटल्यावर एका वाक्यात तीन भाषा येणारच. तपासून म्हणाले, काही नाही अज्जा, डोळ्यात जेलीसारखं असतंय, व्हिट्रियस ह्युमर, वयानं ते आकसतंय, त्याच्या सावल्या दिसतात. आप्पा बाहेर येऊन मला म्हणतात, "ह्युमर म्हणजे विनोद नव्हं रे? माझ्या डोळ्यातला विनोद आकसूलालाय म्हणे!"

मी हसलो खरा, पण रात्री शोधत बसलो तर कळलं की डोळ्यातला तो ह्युमरच जुना आहे आणि हसण्याचा ह्युमर मागनं आलाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ओल, पाणी, द्रव. ह्युमिडिटी त्याच घरातली. म्हणजे जुलैत शहापुरातल्या आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला जे सुटतं ना, ते सगळं ह्युमरच म्हणायचं.

हिपोक्रेटिस, नंतर गेलन, ह्या ग्रीक वैद्यांचं म्हणणं असं की अंगात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याचं जे जास्त तसा त्याचा स्वभाव. मेलँकली ह्या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त! आपल्याकडं वात-पित्त-कफ तीनच, पण पित्त खवळलं की माणूस भडकतो हे दोन्हीकडं सेम. मग द्रवावरनं स्वभाव, स्वभावावरनं मूड, मूडवरनं खूळ असा तो शब्द घसरत गेला. १५९८ साली लंडनमध्ये बेन जॉन्सननं एक नाटक आणलं, त्यातली माणसं आपापल्या ह्युमरच्या नादात वागतात आणि लोक त्यांना हसतात. पुढं पुढं ज्याला हसायचं तो, मग जो हसवतो तो, असं करत शब्द आजच्या जागी येऊन बसला.

आता माझं मत. ह्युमरला आपण सरसकट विनोद म्हणतो ते मला पटत नाही. विनोद म्हणजे वि अधिक नुद्, दूर ढकलणं, म्हणजे शीण, काळजी बाहेर हाकलायची. ह्युमर उलट आत मुरलेला असतो, न सांगता पाझरतो. माझ्या मते त्याला जवळचा शब्द लहर. लहर म्हणजे पण पाणीच की, आणि "लहरी माणूस" हा जुन्या इंग्रजीतल्या ह्युमरिस्टचा (म्हणजे आपल्याच खुळाच्या नादात वागणाऱ्याचा) सख्खा भाऊ! पडलेल्या जोकला आपण पाणचट म्हणतो, म्हणजे पाणी लागतं पण बेतानं, हे आपल्याला ठाऊक होतं. आणि ते ड्राय ह्युमर म्हणतात ना, शब्दशः बघितलं तर कोरडी ओल, पण आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं तेच करतात, तोंडावरची सुरकुती हलत नाही आणि समोरचा गार.

ह्यावर कडी पुतणीनं केली. सकाळी कचऱ्याची गाडी येते, तिच्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं, हसि कस, ओण कस. ओला कचरा, सुका कचरा. कन्नडमध्ये हसि म्हणजे ओलं, कच्चं. ती शाळेत कन्नड शिकलीय तरी मुद्दाम विचारते, "काका, हसि कस म्हणजे हसायचा कचरा काय?" दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोग आहे नुसता, पण बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावर वर्षानुवर्षं भांडणाऱ्या गावात गाडीवरच्या दोन अक्षरांत ओल आणि हसू एकत्र बसलंय आणि कुणाला पत्ता नाही!

आप्पांना हे सांगायला नको होतं. आता रोज गाडी आली की बादली घेऊन स्वतः खाली उतरतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "हसी कुठं टाकू रे?" तो बिचारा हिरवा डबा दाखवतो. काल म्हणे त्यानंच उलट विचारलं, "अज्जा, आज हसी कमी का?"