‘टाकलेलं जनावर घरात आणू नका’ या मेसेजला उत्तर
प्राण्यांच्या निवाऱ्यातलं कुत्रं-मांजर दत्तक घेऊ नका, असं बजावणारा एक मेसेज हातोहात पुढे ढकलला जातोय. त्यात पाच कारणं आहेत. ज्याला कुणी टाकलं त्याच्यात खोट असणारच; निवाऱ्यातली जनावरं आजारी असतात; मोठं जनावर लळा लावत नाही, म्हणून पिल्लूच आणावं; निवाऱ्याचे लोक चौकश्या करून छळतात; आणि जनावर कसं आहे ते दोन-तीन दिवसांत कळतंच, तोवर रुळलं नाही तर ते बिघडलेलं समजावं. यातल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, तेही अर्धंच.

‘टाकलंय म्हणजे खोट आहे.’

जनावर निवाऱ्यात पोचतं त्याची कारणं बरेचदा माणसांकडची असतात. घर बदललं आणि नवा घरमालक प्राणी ठेवू देत नाही, सांभाळणारं माणूस वारलं किंवा अंथरुणाला खिळलं, खर्च झेपेना. काही जनावरं नुसती हरवलेली असतात. वागणुकीपायी सोडलेलीही असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिथेही तक्रारीच्या मागे जाऊन बघावं लागतं. ‘घरभर घाण करते’ म्हणून आणून सोडलेल्या मांजरीला मूत्राशयाचं दुखणं असू शकतं, किंवा त्या घरात तीन मांजरांत मिळून मातीचा एकच ट्रे असेल. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा साधा हिशेब अनेकांना कुणी सांगितलेलाच नसतो.

म्हणून ‘स्वभावाला कसा आहे?’ असं मोघम विचारू नका. याने कुणाला चावलंय का, कातडी फुटली का, त्याआधी नेमकं काय चाललं होतं? सलग किती तास एकटा राहिलाय? लहान मुलं, मांजर, दुसरा कुत्रा यांच्यासोबत प्रत्यक्ष राहिलाय, की राहील असा अंदाज आहे? ‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल. माहीत नसताना ‘एकदम गरीब आहे हो’ असं ठोकून देणारा निवारा मात्र टाळा. शिवाय पिंजऱ्यातल्या वागण्यावरून घरातलं वागणं ओळखता येत नाही. खाण्याच्या भांड्याजवळ कुणी गेल्यावर निवाऱ्यात गुरगुरणारे कित्येक कुत्रे घरी तसं करत नाहीत, आणि कोपऱ्यात गप्प पडलेला ‘शांत’ कुत्रा भेदरून थिजलेलाही असू शकतो. जनावर पिंजऱ्याबाहेर पाहा, तेही दोन वेगवेगळ्या वेळी.

‘ती आजारी असतात.’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. अनेक जनावरं एका छपराखाली आली की खोकला, सर्दी, जंत, गजकर्ण पसरतात. कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात, म्हणजे घरी आणताना ठणठणीत असलेला कुत्रा पाचव्या दिवशी ढासायला लागू शकतो. यात कुणी फसवलेलं नसतं. मांजरांतला हर्पीस विषाणू एकदा शिरला की जन्मभर अंगात राहतो आणि जागाबदलाच्या ताणाने डोकं वर काढतो. नव्या घरात आठवडाभराने सुरू झालेल्या शिंकांमागे अनेकदा तोच असतो.

उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. घरात आधीचं जनावर असेल तर नव्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी ठेवा, आणि आधी जुन्याचं करून मग नव्याकडे जा. घरात पूर्वी पार्व्होचा (जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य रोगाचा) रोगी होऊन गेला असेल तर तसं निवाऱ्याला सांगा. तो विषाणू घरात अनेक महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. आधी जागा धुऊन काढा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग बत्तीस भाग पाण्यात मिसळून लावा आणि जागा दहा मिनिटं ओली राहू द्या. मांजराच्या घरात फेनॉल असलेलं जंतुनाशक वापरू नका. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही.

तपासण्यांचे कागदही तारखेसकट वाचा. सहा महिन्यांच्या आतल्या मांजराच्या पिल्लाची एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) चाचणी आईकडून आलेल्या अँटिबॉडीमुळेही पॉझिटिव्ह येते, ती पुन्हा करावी लागते. कुत्र्याची हृदयजंताची (डासांमुळे होणाऱ्या, हृदयात वाढणाऱ्या जंतांची) चाचणी लागण झाल्यावर साधारण सहा महिन्यांनीच पकडते, त्यामुळे आजचं निगेटिव्ह गेल्या सहा महिन्यांतल्या लागणीबद्दल काहीच सांगत नाही. आणि हे सगळं विकत आणलेल्या पिल्लालाही लागू आहे, हे मेसेज लिहिणारा सोयीने विसरला.

‘मोठं नको, पिल्लूच हवं.’

पिल्लू मनासारखं घडवता येतं, हे थोडंफार खरं. पण माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा खरा काळ कुत्र्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो आणि मांजरात त्याहूनही लवकर, सातव्या आठवड्याच्या आसपास, आटोपतो. लसींची सुरुवातीची मालिका मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे जग दाखवायचं आणि रोगापासूनही जपायचं, ही कसरत तुमच्याच गळ्यात. दोन महिन्यांचं पिल्लू रात्रभर लघवी धरू शकत नाही, तेव्हा तुमचीही झोप गेलीच. मोठ्या जनावराचा आकार, केस, उत्साह सगळं समोर दिसतं. आणि लळ्याचं म्हणाल तर तो वयावर अवलंबून असतो, हे कुणी ठरवलं?

‘चौकश्या करून छळतात.’

काही निवारे अति करतात, हे मान्य. नोकरी करता म्हणून सरसकट नकार देणं शहाणपणाचं नाही. पण घरभेटीत बघतात काय? खिडकीची जाळी, फाटकाखालची फट, घरमालकाची संमती, आणि घरातल्या सगळ्यांना जनावर हवंय का. दत्तक फिसकटतं ते अनेकदा या चारांतल्याच एखाद्या गोष्टीवरून. करारातलं ‘नाही जमलं तर आमच्याकडेच परत द्या’ हे कलम तर तुमच्याच सोयीचं. जनावराच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपबद्दलही गैरसमज आहे. ती ठावठिकाणा सांगत नाही, तिच्यात बॅटरीच नसते. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो, बस. त्या नंबरापुढे नोंदवहीत अजून निवाऱ्याचा किंवा जुन्या मालकाचाच फोन असेल, तर चिपमुळे जनावर तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ही नोंद त्याच दिवशी बदला.

‘दोन-तीन दिवसांत कळतं.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. या कामातले लोक ढोबळ अंदाज सांगतात: भीती उतरायला तीन दिवस, घराची लय कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. पहिल्या दिवशी कुत्रा जेवत नाही, खाटेखाली शिरतो, कित्येक तास लघवी करत नाही. त्यात लोक पाहुणे बोलावतात, आल्या आल्या आंघोळ घालतात, मिठी मारायला जातात, आणि तो गुरगुरला की म्हणतात, बघा!

कुत्रे पळतात तेही याच दिवसांत. प्रकार ठरलेला आहे. बाहेर काहीतरी धाडकन वाजतं, कुत्रा तुमच्याकडे तोंड करून मागे सरकतो, मान खाली घालतो, कान चपटे करतो, आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून तुमच्या हातात लोंबकळत राहतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, दोन्हींना दोरी लावा; गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच सैल जागा ठेवा.

खाणं निवाऱ्यातलंच चालू ठेवून सात ते दहा दिवसांत बदला: पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एकदम बदललंत तर जुलाब होतील आणि दोष जनावराला मिळेल. मांजराला आधी एकच छोटी खोली द्या, लपायला आडवा खोका ठेवा, ओढून बाहेर काढू नका. मात्र त्याने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दुसरा दिवसही तसाच गेला तर थेट दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, दोन माणसांनी समांतर चालवत, मध्ये भरपूर अंतर ठेवून.

तरीही नाही जमलं, तर परत देण्यात लाज नाही. फक्त सोबत एक कागद द्या: काय आणि किती वाजता खात होता, कधी गुरगुरला, तेव्हा जवळ कोण होतं, एकटा किती वेळ राहिला, कुठलं औषध चालू आहे. आणि चिपच्या नोंदीतून तुमचा फोन काढून निवाऱ्याचा घाला.