आमच्या खाचरात बसलेली मेंढरं

आज सकाळी माणगावजवळ हायवेवर मेंढरं आडवी आली. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर कोकणात उतरतात, तेच. दहा मिनिटं गाड्या थांबल्या. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून ओरडला, "कामधंदा नाही का रे यांना?" पुढे म्हातारे बाबा सगळ्यांना हात जोडत मेंढरं हाकत होते. त्यांनी हात जोडले, ते सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

कामधंदा नाही?

माझ्या लहानपणी भात कापलं की आमच्या खाचरात मेंढरं बसायची. वाडीत आधी आपल्याकडे बसावीत म्हणून वडील आठ दिवस आधीपासून रस्त्यावर जाऊन बघायचे. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, आत दोनेकशे मेंढरं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायची. तीन रात्रींत सगळं खाचर लेंडीनं आणि मुतानं भरून निघायचं. आई पायलीनं तांदूळ मोजून द्यायची, वर सुकी मासळी. पुढच्या पावसात भाताचा रंगच वेगळा दिसायचा.

आज युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेले पैसे सरकार भरतं, म्हणजे आपणच. लेंडीखताला ना कारखाना, ना ट्रक, ना अनुदान. मेंढरू स्वतःच्या पायानं येतं, बांधावरचं गवत खातं, खत टाकून जातं. पावती फाटत नाही म्हणून हे कुणाच्या हिशेबात नाही. आपल्याला फक्त मटणाचा भाव माहीत!

हो, उभ्या पिकात शिरतात कधीकधी. आमच्या वालात शिरली होती एकदा, वडील जाम भडकले होते. पुढच्या वर्षी बोलावलं मात्र त्यांनाच.

आणि या माणसांचं आपण काय केलं? गायरानं गिळली. रानात चराईबंदी. घोंगडीची जाडीभरडी लोकर, तिला आज कातरायची मजुरीही सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. इथे त्यांना रस्ता ओलांडू देताना आपल्या जिवावर येतं.

त्या तीन रात्रींतल्याच एका पहाटे मेंढी व्याली होती. वाड्यावरच्या, म्हणजे धनगरांच्या तळावरच्या, मावशींनी ओलं कोकरू पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. गरम होतं, थरथरत होतं. वाडा हलला तेव्हा ते घोडीवरच्या डालग्यातून मान काढून बघत होतं.

आजही घोडीवर डालगं होतं, त्यात दोन कोकरं. मी गाडी बाजूला घेऊन उतरलो. "बाबा, कुठं बसणार?" म्हणाले, "बोलवतील तिथं. आता कमीच बोलवत्यात."

तिथूनच भावाला फोन लावला. म्हटलं, वरच्या खाचरात वाल टाकायची घाई करू नकोस, आधी तीन रात्री मेंढरं बसू देत. तांदूळ मी देतो.