नॅचरल उभे राहा की!

सांगलीच्या माणसाला ‘नॅचरल उभे राहा’ म्हणणं हा या गावाच्या इतिहासाचा अपमान आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून समोर कोणी बघतंय म्हटलं की सांगलीकर काहीतरी करूनच दाखवतो. तरी तात्यांच्या पंचाहत्तरीला पुण्याहून आलेल्या आमच्या चुलतबहिणीनं हुकूम सोडला, “दादा, ते पोझबिझ अजिबात नको. सगळे फोटो कँडिड काढ. कुणाला कळताच कामा नये.”

मग तिनं तीन साड्या बदलल्या आणि कुणाला कळू न देता कुठं बघायचं, हे मलाच विचारलं.

उन्हं कलल्यावर सगळ्यांना हरिपूरला नेलं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, तिरपा सोनेरी उजेड. उजेडाकडून तक्रार नव्हती. पहिला मान तात्यांचा. हळदीच्या अडतीवर हा माणूस दिवसभर दोन्ही हातांनी बोलतो. पण लेन्सचं झाकण निघताच हात मांड्यांना चिकटले, छाती वर आली, हनुवटी मफलरीत गेली.

“तात्या, श्वास घ्या.”

“आधी फोटो काढ, मग घेतो.”

ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ सालीच लिहून ठेवलंय, की ओठ माणसाचं ऐकतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू ऐकत नाही. तो खऱ्या हसण्यालाच हलतो. म्हणजे ‘स्माईल’ म्हटल्यावर जे मिळतं ते फक्त ओठांचं. आत्तीच्या बाबतीत तेवढंही मिळेना. कवळी नवी होती आणि ती सगळ्यांना दिसावी की दिसू नये, यावर तिचा निर्णय झाला नव्हता.

चेहऱ्याच्या फोटोला दोन-तीन मीटर लांब उभं राहावं लागतं. अगदी तोंडाशी गेलं की नाक पुढं येतं आणि कान मागं पळतात. हे मी जाणतो, घरचे जाणत नाहीत. मी मागं सरकलो की अण्णा म्हणणार, “एवढ्या लांबून काय दिसतंय?” आणि दोन पावलं पुढं येणार. मी परत मागं, अण्णा परत पुढं. असं करत आम्ही पायऱ्या उतरलो. माझी टाच पाण्याला लागली तेव्हा अण्णांना अंतर पटलं.

मग ग्रुप. खुर्च्या चार, आणि मान कुणाचा हा प्रश्न. जावई उभे राहिले तर लेकीचं तोंड उतरतं, व्याही उभे राहिले तर सगळ्यांचंच. यात उजेड निम्मा गेला. तीन रांगा, म्हणून मी अ‍ॅपर्चर एफ आठवर नेलं, म्हणजे लेन्सचं भोक बारीक केलं. नाहीतर पुढचे लखलखीत आणि मागचे धुक्यातल्या म्हशींसारखे येतात. आणि मागं नेमक्या वहिनी होत्या.

राहिला डोळे मिटण्याचा प्रश्न. तो ऑस्ट्रेलियात सुटलाय. पिअर्स बार्न्स आणि निक स्वेनसन यांनी त्याचं गणित मांडलं, त्याला २००६ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीसच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. आम्ही अठरा. खुर्च्यांच्या वादाआधी सहा फोटोंत भागलं असतं, वादानंतर नऊ. पण त्या गणितात पापण्याच धरल्यात. फोन आला म्हणून चालू लागणारे जावई कुठल्या सूत्रात बसवायचे?

डोळे उघडे मिळाले, पण सगळे खांबासारखे ताठ. शेवटी मी कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला आणि सहज विचारलं, “तात्या, आपल्या घरात पुराचं पाणी जास्त कधी आलं होतं? २००५ ला की २०१९ ला?”

झालं. तात्या खुर्चीतून उठले. अण्णा म्हणाले, २००५. वहिनी म्हणाल्या, असं कसं, आयर्विन पुलाजवळ २०१९ चं पाणी चढ होतं. तात्यांनी हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचा, विषय काढला, २००५ ला त्यांत पाणी शिरून माल कसा गेला ते सांगताना त्यांचे दोन्ही हात परत जागेवर आले. व्याह्यांनी मिरजेचं सांगायला घेतलं, त्यांना कुणी बोलू देईना. आत्ती नव्या कवळीसकट ओरडत होती. मी बटण सोडलंच नाही.

फोटो अप्रतिम आले. एकही चेहरा कॅमेऱ्याकडे नाही, एकही पापणी मिटलेली नाही. फक्त प्रत्येकानं पाणी कुठवर होतं ते दाखवायला हात वर केलाय. कुणाचा कमरेला, कुणाचा कानाला, अण्णांचा डोक्याच्याही वर. घरच्या ग्रुपवर टाकल्याटाकल्या चुलतबहिणीनं विचारलं, “हे कशाचं मतदान चाललंय?” तात्यांनी श्वास कोंडलेला फोटो फ्रेमला दिला.

रात्री आत्तीचा फोन आला.

“अरे, त्यात माझा हात खिडकीपाशी आलाय. पाणी माळ्याला लागलं होतं. परत काढ.”